भिंतीवरच्या अक्षराला मजकूर हवा

पाच-सहा मजली इमारतीची एक अख्खी बाजू काळ्या-सोनेरी अक्षरांनी भरलेली असते. रेघा एकमेकींत गुंतलेल्या, कुठे झोकदार वळण घेऊन वर गेलेल्या, कुठे रंगाचा ओघळ खाली आलेला. लोक थांबतात, फोटो काढतात, पुढे जातात. त्यातला एखादा विचारतो, "पण लिहिलंय काय?" जाणकार मंडळी या प्रश्नाकडे जरा दयेनेच बघतात. अशा कामात अर्थ शोधायचा नसतो, रेघ बघायची असते, असं त्याला समजावलं जातं. माझ्या मते त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. पारंपरिक सुलेखन आणि रस्त्यावरची ग्राफिटी यांच्या संगमातून जी कॅलिग्राफिटी उभी राहिली आहे, तिची खरी परीक्षा त्याच प्रश्नावर होते.

मी ही कला नाकारणाऱ्यांपैकी नाही. छापील आणि पडद्यावरच्या टाइपांनी हाताच्या अक्षराची जागा आक्रसत नेली असताना त्याला एवढं मोठं मैदान मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच अपेक्षाही मोठी आहे. भिंतीवर अक्षर लिहायचं तर त्यामागे मजकूर हवा. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावा असा माझा हट्ट नाही. पण तो असावा, लिहिणाऱ्याला तो म्हणून दाखवता यावा आणि त्या भिंतीच्या आड राहणाऱ्यांना तो ठाऊक असावा. सार्वजनिक जागेत, सार्वजनिक पैशाने जेव्हा अशी कामं करून घेतली जातात तेव्हा तर ही किमान अट असली पाहिजे.

सुलेखनाच्या जुन्या शिस्तीत वाढलेल्या काहींना हा संगमच खटकतो. कागद, शाई आणि लेखणीची अदब स्प्रेच्या डब्याने बिघडते, असं त्यांचं म्हणणं. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या होत्या. निवडणुकीतल्या उमेदवारांची नावं, खेळांच्या जाहिराती रंगवणारे तिथे धंदेवाईक अक्षरलेखक होते. त्यांतल्या एमिलियस केलेर नावाच्या लेखकाने ग्लॅडिएटरांच्या सामन्यांची जाहिरात रंगवली आणि तिथेच नोंद करून ठेवली की हे त्याने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. सराईत हात, रात्रीची वेळ, रस्त्यालगतची भिंत आणि वर सही. आज ज्याला आपण दोन वेगळ्या कला म्हणतो त्या त्याच्या एका रात्रीच्या कामात एकत्र नांदत होत्या.

रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाच्या पायाशी कोरलेली अक्षरं रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांचा आदर्श नमुना मानली जातात. अमेरिकी धर्मगुरू आणि अक्षरलेखक एडवर्ड कॅटिच याने 1968 मध्ये सविस्तर मांडणी केली, की ही अक्षरं आधी चपट्या ब्रशने दगडावर रंगवली गेली आणि मग छिन्नीने कोरली गेली. म्हणजे ज्या अक्षरांकडे छापखान्यांनी शतकानुशतकं मान वर करून पाहिलं, तीही भिंतीवरच्या रंगातून आलेली. चीनमध्ये तांग काळातला भिक्षू हुआइसू याच्या उधळलेल्या, वेगाने जोडून लिहिलेल्या अक्षरांबद्दल त्याच्या समकालीन कवींनी लिहून ठेवलं आहे. चुना दिलेल्या लांबच लांब भिंती तो लहर लागली की अक्षरांनी भरून टाकत असे. इस्तंबूलच्या आया सोफियात टांगलेल्या, मुस्तफा इझ्झत एफेंदी याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लिहिलेल्या चकत्यांचा व्यास साडेसात मीटर आहे. ही अक्षरं मांडीवर कागद घेऊन लिहिता येणारी नव्हेत. तेव्हा भिंत सुलेखनाला परकी आहे हा आक्षेप मी बाजूला ठेवतो.

खरा पेच आहे तो सहीचा, आणि त्यावर फारसं बोललं जात नाही.

इस्लामी खत्तच्या, म्हणजे अरबी लिपीतल्या सुलेखनाच्या, परंपरेत शिष्य वर्षानुवर्षं उस्तादाचा कित्ता गिरवतो. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांना माप घालून दिलं. लेखणीचं टोक कागदावर टेकवलं की जो तिरपा चौकोनी ठिपका उमटतो तो एकक. तेवढ्या ठिपक्यांत अलिफची उंची मोजायची आणि अलिफ हा व्यास धरून काढलेल्या वर्तुळातून इतर अक्षरांची वळणं काढायची. हे माप बोटांत मुरायला आयुष्याचा मोठा तुकडा जातो. ऑट्टोमन परंपरेत उस्तादाने इजाझत दिल्याशिवाय शिष्याने आपल्या लेखनाखाली स्वतःचं नाव घालायचं नसे. नाव घालण्याचा हक्क हीच पदवी. आणि तो हक्क मिळाल्यावरही नाव घालायचं ते वाकून. ताजमहालावरचा मजकूर लिहिणारा अमानत खान शिराझी हा त्या काळातला मानमरातब मिळालेला सुलेखक. त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिताना आधी स्वतःला तुच्छ म्हटलं आहे. लिहिणारा लहान आणि मजकूर मोठा, हे या सगळ्या परंपरेत गृहीत आहे.

रस्त्यावर हे नेमकं उलटं होतं. न्यूयॉर्कमध्ये 183व्या रस्त्यावर राहणारा एक निरोप्या पोरगा 'टाकी 183' एवढंच नाव आणि आकडा शहरभर लिहीत फिरला. 21 जुलै 1971 रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली आणि त्याची नक्कल करणाऱ्यांची लाट आली. इथे पहिल्या दिवसापासून सही आहे. सहीशिवाय दुसरं काही नाहीच. नाव हाच मजकूर, नाव हाच विषय, आणि ते किती ठिकाणी, किती अवघड जागी, किती देखण्या वळणाने लिहिलं यावर लिहिणाऱ्याची इज्जत ठरते.

म्हणून काही टीकाकार ग्राफिटीला नुसता अहंकार ठरवतात. मला ते पटत नाही. ज्या मुलाचं नाव शाळेच्या हजेरीपटापलीकडे कुठेही लिहिलं जाणार नाही, त्याने ते शहराच्या अंगावर लिहिणं यात अहंकारापेक्षा हजेरी लावण्याचा भाग जास्त आहे. आणि शिस्त तिथेही आहे. टॅग, म्हणजे झटक्यात लिहायची ही नावाची सही, लिहिणारे वहीची पानंच्या पानं भरून एकेक अक्षर घोटतात. एका दमात, हात न उचलता, पाच सेकंदांत उतरणारं नाव हजारदा घोटल्याशिवाय उतरत नाही. थोरल्या लेखकाची शैली धाकटा उचलतो, त्याच्या परवानगीशिवाय उचलली तर भांडणं होतात. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला 'टॉय' म्हणून हिणवतात. घराण्यांमध्ये असतं ते बहुतेक सगळं इथे आहे, फक्त त्याची दप्तरी नोंद कुठे नाही.

लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये तर या दोन परंपरा नाव मिळण्याच्या कितीतरी आधी भेटल्या होत्या. तिथल्या टोळ्या भिंतीवर आपल्या पोरांच्या नावांची यादी लिहायच्या, तिला 'प्लाका' म्हणत. अक्षर निवडलं जायचं ते मध्ययुगीन वळणाचं, जाड उभ्या काड्यांचं ओल्ड इंग्लिश. वर्तमानपत्रांच्या शीर्षकांवर आणि प्रमाणपत्रांवर दिसतं तेच. अधिकाराचं वळण उचलून आपल्या नावांना चढवायचं, यातला हेतू उघड आहे. त्या वातावरणात वाढलेल्या चाझ बोहोर्केझने 1969 मध्ये स्टेन्सिलने भिंतींवर आपली खूण उमटवायला सुरुवात केली आणि पुढे आशियाई सुलेखनाचं शिक्षणही घेतलं. न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत 1984 मध्ये 'कॅलिग्राफिटी' नावाचं प्रदर्शन भरलं. ॲमस्टरडॅमचा नील्स म्यूलमन, जो पोरवयापासून 'शू' या नावाने टॅग लिहीत होता, त्याने 2007 पासून हाच शब्द आपल्या कामाची ओळख म्हणून रूढ केला. तोपर्यंत प्लाका लिहिणाऱ्यांच्या काही पिढ्या होऊन गेल्या होत्या. कलेच्या इतिहासात त्यांना तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी, असं मला फार वाटतं.

तंत्राबद्दल थोडं, कारण बरीच गफलत तिथेच होते. रुंद टोकाच्या लेखणीचं सगळं सौंदर्य तिच्या कापात असतं. टोक ठरावीक कोनात धरलं की उभी रेघ एका जाडीची येते, आडवी दुसऱ्या जाडीची आणि वळणावर जाडी हळूहळू बदलत जाते. ते आपोआप घडतं, हाताने फक्त कोन सांभाळायचा असतो. स्प्रेच्या डब्याला असा कापच नाही. त्यातून गोल फवारा बाहेर पडतो. रेघ जाड हवी तर डबा लांब धरायचा किंवा नोझल बदलायचं, बारीक हवी तर भिंतीजवळ येऊन वेगाने हात फिरवायचा. म्हणजे लेखणीत जे अवजार करतं ते इथे अंतर आणि वेग यांना करावं लागतं. त्यामुळे नुसत्या फवाऱ्याने बोरूच्या अक्षराची बाह्यरेषा काढून आत रंग भरला, तर अक्षर दिसायला तसं दिसतं पण ते लिहिलेलं नसतं, चितारलेलं असतं. फरक जवळून लगेच कळतो. रेघेला सुरुवात आणि शेवट नसतो, दाब नसतो, दम कुठे घेतला ते दिसत नाही. ज्यांना हे उमगलं त्यांनी भिंतीसाठी वेगळी अवजारं शोधली. हातभर रुंदीचे चपटे ब्रश, झाडू, पोछे, लांब काठीला बांधलेले रोलर. मनगटाऐवजी खांदा, कंबर आणि पाय लिहायला लागले, पण कोन तोच राहिला. म्यूलमनची झाडूने ओढलेली अक्षरं याचं चांगलं उदाहरण आहे. ती रांगडी आहेत आणि तरी अस्सल सुलेखन आहेत.

हात तयार असणं ही मी पहिली पायरी मानतो. तिच्यावर थांबणारी कामं पुष्कळ आहेत, आणि आक्षेप आहे तो त्यांना.

वाचता न येणं हा दोष नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तांग काळातल्याच झांग शू या सुलेखकाची उधळलेली चिनी अक्षरं चिनी वाचकालाही सहज लागत नाहीत. चौकोनी कूफी या अरबी वळणात बांधलेली भिंत अरबी शिकलेल्यालाही कोड्यासारखी सोडवावी लागते. ग्राफिटीतली वाइल्डस्टाइल तर बाहेरच्यांना वाचता येऊ नये म्हणूनच गुंतवलेली असते. न्यूयॉर्कचा रॅमेलझी याने यावर एक अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं. मध्ययुगातल्या मठांमध्ये भिक्षूंनी अक्षरं इतकी नटवली की ती सत्तेच्या हातून निसटली, आणि आगगाडीच्या डब्यांवर लिहिणारी पोरं तेच युद्ध पुढे लढताहेत, अशी त्याची धारणा होती. लॉस एंजेलिसच्या रेटनाने ओल्ड इंग्लिश, इजिप्शियन, अरबी, हिब्रू अशा वळणांतून स्वतःची वर्णमाला बनवली. ती त्याच्याशिवाय फार थोड्यांना वाचता येते, पण त्या वर्णमालेत तो वाक्यं लिहितो. या सगळ्यांमध्ये कुलुपाच्या आत काहीतरी आहे. वाचणारा अडतो, पण लिहिणाऱ्याने त्याला फसवलेलं नसतं.

फसवणूक होते ती कुलपाच्या आत काहीच नसतं तेव्हा. अक्षरांसारखे दिसणारे आकार, एखाद्या लिपीचा नुसता लहेजा, वळणांची नक्षी. घरातल्या पडद्यावर अशी नक्षी असायला हरकत नाही. पण हजारो लोक रोज ज्या भिंतीसमोरून जाणार तिथे अक्षराचा आव आणून काहीच न म्हणणं, हे मला त्या लिपीच्या लोकांशी केलेली बेपर्वाई वाटते. विशेषतः लिपी दुसऱ्या कुणाची असते तेव्हा. अरबी वळण आलं की 'पूर्वेकडचं' वाटतं, चिनी फटकारा आला की 'गूढ' वाटतं, एवढ्यावर काम भागवलं जातं. ज्यांची ती रोजची लिपी आहे, त्यांच्यासाठी तिच्यात उधारीचा हिशेबही लिहिलेला असतो आणि प्रार्थनाही. तिला गूढतेचा मुलामा म्हणून वापरणं म्हणजे त्यांना मुकं करणं आहे.

काय लिहिलंय हे कुणीच न विचारल्याने काय होतं, याचा धडा 2015 साली मिळाला. एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेच्या निर्मात्यांना बर्लिनमध्ये निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभा करायचा होता. भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांनी अरबी ग्राफिटी लिहिणारे कलावंत बोलावले. कलावंतांनी भिंतीवर लिहिलं की ही मालिका वर्णद्वेषी आहे. चित्रीकरण झालं, ऑक्टोबरमध्ये भाग प्रसारितही झाला, आणि निर्मात्यांना कलावंतांनी जाहीर केल्यावरच कळलं. त्यांच्या लेखी अरबी अक्षर म्हणजे भिंतीवरचा डाग होता. त्याला अर्थ असेल ही शक्यताच कुणाच्या मनात आली नाही. ज्या नगरसंस्था आणि कंपन्या आज 'काहीतरी कॅलिग्राफीसारखं' रंगवून मागतात त्या याहून फार शहाण्या आहेत असं मला दिसत नाही.

याच्या उलट टोकाचं काम म्हणून मी कैरोकडे बोट दाखवेन. फ्रान्समध्ये ट्युनिशियन आई-बापांच्या पोटी जन्मलेला एल सीद हा अरबी लिहायला-वाचायला जवळजवळ विशीत शिकला. परंपरेच्या मापांत त्याची अक्षरं बसत नाहीत आणि त्याबद्दल जुन्या वळणाचे अरबी सुलेखक नाराज असतात. त्यांच्या नाराजीत तथ्य आहे. पण 2016 मध्ये त्याने कैरोच्या मन्शियत नासेर वस्तीत जे केलं त्यात एक गोष्ट फार पक्की होती. ही वस्ती शहराचा कचरा गोळा करून, निवडून, पुन्हा वापरात आणणाऱ्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची आहे. शहर त्यांना कचरेवाले म्हणून ओळखतं. एल सीद आणि त्याच्या साथीदारांनी तिथल्या सुमारे 50 इमारतींवर मिळून एकच अक्षररचना रंगवली. गल्लीत उभं राहिलं की पांढऱ्या, केशरी, निळ्या रंगांचे तुकडे दिसतात. पूर्ण वर्तुळ दिसतं ते मुकत्तमच्या टेकडीवरच्या एका जागेवरूनच. लिहिलेलं वाक्य चौथ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांचं: सूर्याचा उजेड नीट बघायचा असेल त्याने आधी आपले डोळे पुसावेत. सरकारी मंजुरीचा गाजावाजा नव्हता. वस्तीचे धर्मगुरू फादर समान यांच्याकडे आधी जाऊन, त्यांना वाक्य सांगून, त्यांची संमती घेऊन काम सुरू झालं. ज्यांच्या घरांवर रंग लागला त्यांना ते वाक्य माहीत होतं, आणि ते त्यांच्याच परंपरेतल्या माणसाचं होतं. आता त्या वाक्याकडे बघा. ते शहराला उद्देशून आहे. वस्तीच्या भिंतीवरून वस्तीच शहराला सांगते आहे, की आमच्याकडे बघण्याआधी डोळे पुसा.

अलिफची उंची ठिपक्यांत मोजून या कामाला नापास करणारा उस्ताद मला समजू शकतो. तरीही हे काम मी उजवं मानतो, कारण त्यात लिहिणारा लहान आणि मजकूर मोठा आहे. चार वर्षं आधी त्याने ट्युनिशियात गाबेसच्या जारा मशिदीच्या मिनारावर कुराणातलं वचन लिहिलं होतं. माणसांना निरनिराळ्या जमाती आणि कुळं करून घडवलं ते त्यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून, असा त्याचा आशय. तिथेही मशिदीच्या इमामाची संमती होती. उलट बाजूला पोक्रास लाम्पास या रशियन कलावंताचं 2017 मधलं काम बघा. रोममध्ये एका फॅशन कंपनीच्या मुख्यालयाच्या छतावर त्याने प्रचंड मोठी अक्षररचना केली. हात विलक्षण तयार आहे, रेघेला दम आहे. पण ती छतावर होती, खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी. तिचं खरं प्रेक्षकघर म्हणजे कॅमेरा. अशी कामं करून पोट भरण्यात काही गैर नाही, सुलेखकांनी सदैव दरबारांसाठी लिहिलंच आहे. मात्र त्यांना रस्त्याची कला म्हणून मिरवू नये. रस्त्यावर काम करणाऱ्याला जो धोका असतो, की उद्या कुणीतरी येऊन विचारेल हे इथे का लिहिलंस, तो तिथे नाही.

संमतीवर मी भर देतो तेव्हा एक अडचण मलाही दिसते. जिथे बोलण्याची शिक्षा तुरुंग असते तिथे कुणाची संमती मागायची? तिथे गुंतागुंतीचं वळण हे चिलखत असतं, आणि रात्री लिहून पळून जाणाऱ्याला मी संमतीपत्र मागणार नाही. सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्याला लागू होणारा नियम आणि सत्तेच्या पैशाने लिहिणाऱ्याला लागू होणारा नियम वेगवेगळे असले पाहिजेत. दुसरीही बाजू आहे. मजकूर आहे म्हणून भिंत चांगली ठरत नाही. मिश्र वस्तीत एका धर्माचं वचन, एका पक्षाची घोषणा, देखण्या पण न वाचता येणाऱ्या वळणात रंगवली आणि शेजाऱ्यांना सांगितलंच नाही, तर ती कावेबाज दादागिरी होते. वळण जितकं अवघड तितकी मजकूर सांगण्याची जबाबदारी जास्त.

कायदा मात्र भलतीकडेच रेघ ओढतो. ब्राझीलने 2011 मध्ये कायदा बदलला. मालकाच्या संमतीने केलेलं रंगीत भित्तिचित्र गुन्ह्यातून वगळलं गेलं आणि 'पिशासाँ' गुन्हाच राहिली. पिशासाँ म्हणजे साओ पाउलोच्या इमारतींवर रोलरने आणि काळ्या रंगाने लिहिलेली उंच, टोकदार, काटकोळी अक्षरं. 1980च्या दशकातल्या हेवी मेटल संगीताच्या रेकॉर्डांच्या वेष्टनांवरून पोरांनी ती वळणं उचलली आणि एका शहराची स्वतःची लिपी तयार झाली. सुलेखनाच्या कसोटीवर ती अत्यंत सुसंगत आहे: ठरलेली प्रमाणं, ठरलेला ताल, दुरून ओळखू येणारा हात. ती लिहायला पोरं एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहतात, दोराशिवाय इमारती चढतात, आणि काही जण पडून मेले आहेत. दुसऱ्याच्या घरावर न विचारता लिहिलेलं घरमालकाने का सोसावं, हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. पण कायद्याने चित्राला सभ्य आणि अक्षराला गुन्हेगार ठरवण्याची जी सवय लावली, तिचा फायदा दिखाऊ कॅलिग्राफिटीला होतो. गरिबाचं अक्षर पुसायचं आणि त्याच अक्षराची धुऊन-पुसून आणलेली आवृत्ती पैसे देऊन रंगवून घ्यायची. शिवाय चित्रांनाही अभय नाहीच. जानेवारी 2017 मध्ये साओ पाउलोच्या नव्या महापौरांनी 23 दे मायो या रस्त्यावरची मान्यताप्राप्त भित्तिचित्रंही राखाडी रंगाने पुसून टाकली.

पुसण्याबद्दल या दोन परंपरांची मतं जुळणं अवघड आहे. सुलेखन जपण्यासाठी लिहिलं जातं. ग्राफिटी लिहिणाऱ्याला माहीत असतं की आठवड्याभरात त्यावर दुसरं काही येईल. मी इथे ग्राफिटीच्या बाजूने उभा राहतो, एका अटीवर: पुसण्याआधी सांगावं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवर मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. नोव्हेंबर 2013 मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला. कलावंत न्यायालयात गेले, आणि 2018 मध्ये न्यायाधीशांनी 1990च्या दृश्य कलावंतांच्या हक्कांच्या कायद्याखाली 21 जणांच्या 45 कामांसाठी सुमारे 67 लाख डॉलरची भरपाई दिली. 2020 मध्ये वरच्या न्यायालयानेही ती कायम ठेवली. इमारत पाडायला बंदी नव्हती. त्या कायद्यात 90 दिवसांची लेखी सूचना देण्याची सोय आहे, ती पाळली असती तर कदाचित एवढी मोठी रक्कम मोजावी लागली नसती.

आता माझ्याच मांडणीला जो माणूस धक्का देतो त्याच्याबद्दल. हाँगकाँगचा त्सांग त्सौ-चोई, 1921 ते 2007. शाळा जेमतेम. कौलूनची जमीन आपल्या पूर्वजांची आहे आणि ती हिसकावली गेली, अशी त्याची धारणा होती. काही दशकं तो ब्रश आणि शाई घेऊन दिव्यांचे खांब, पुलांचे खांब, वीजपेट्या, भिंती यांवर पूर्वजांची नावं, गावांची नावं, आपली राजपदाची दावेदारी लिहीत राहिला. पालिकेचे लोक पुसत राहिले, तो पुन्हा लिहीत राहिला. लोक त्याला कौलूनचा राजा म्हणत. गिरवलेला कित्ता नाही, उस्ताद नाही, अक्षर ओबडधोबड, लहान-मोठं. संमती तर कुणाचीच नाही. 2003 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्याचं काम दाखवलं गेलं, त्याच्या मृत्यूनंतर शहराला हळहळ वाटली, आणि आज त्याच्या हातचं रस्त्यावर उरलेलं लिखाण इतकं थोडं आहे की त्सिम शा त्सुईच्या फेरी धक्क्याजवळचा एक खांब पारदर्शक आवरण लावून जपलेला आहे. त्याला मी कुठे बसवू? त्याचा मजकूर इतका पक्का होता की त्याने तोच आयुष्यभर लिहिला. आणि रोज लिहिणं ही तालीमच आहे. त्याची ओळ शंभर हातांतून ओळखू येते. संमतीच्या कसोटीवर मात्र तो बसत नाही आणि मी त्याला ओढूनताणून बसवणार नाही. माझी कसोटी पैसे देऊन काम करवून घेणाऱ्यांसाठी आहे. आपली सारी तक्रार शाईत उतरवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ती कधीच नव्हती.

तेव्हा जी नगरसंस्था, जो न्यास, जी कंपनी सार्वजनिक भिंतीवर सुलेखन रंगवून घेते, तिच्या करारात काही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. मजकूर पूर्ण, मूळ लिपीत आणि तिथल्या लोकांच्या भाषेत. तो कुणी निवडला, भिंतीआड राहणाऱ्यांपैकी कुणाशी बोलणं झालं. लिपी ज्यांची आहे त्यांच्यापैकी एका जाणत्याने तो तपासला का, कारण उलटी-सुलटी, जोड तुटलेली परकी अक्षरं सर्रास रंगवली जातात आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. किती काळ ठेवायचं आणि पुसण्याआधी किती दिवस सांगायचं. भिंतीच्या पायथ्याशी हातभर जागेत साध्या अक्षरांत तो मजकूर लिहिलेला असावा, म्हणजे विचारणाऱ्याला दयेच्या नजरा सोसाव्या लागणार नाहीत.

आणि नामवंतांच्या एका भिंतीला जेवढा खर्च येतो त्यातला काही भाग शिकणाऱ्यांच्या भिंतींना जावा. लंडनच्या लीक स्ट्रीट बोगद्यात 2008 पासून कुणालाही लिहायला मोकळीक आहे. तिथलं कुठलंच काम फार दिवस टिकत नाही; सकाळी लिहिलेल्यावर संध्याकाळी दुसरं येतं. चांगलं-वाईट सगळंच तिथे असतं, पुष्कळदा वाईटच. पण टॅग घोटणारा पोरगा आणि लेखणीची तालीम घेतलेली मुलगी अशाच जागी शेजारी-शेजारी उभं राहून एकमेकांचा हात बघू शकतात. दोघांपैकी कुणी आधी चुकलेल्या रेघेकडे बोट दाखवेल, सांगता येत नाही.